बाबांच्या लेन्सवर 'झाइस' का लिहिलेलं नाही?

सागरसखी | ९ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. छायाचित्रण विभागात हा माझा पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा मर्चंट नेव्हीत होते. १९७४ मध्ये त्यांची बोट हँबुर्गला बरेच दिवस थांबली होती, तेव्हा तिथून त्यांनी एक प्रॅक्टिका कॅमेरा आणला. आमच्या घरातले सगळे जुने फोटो त्याच कॅमेऱ्यातले. आत्याचं लग्न, माझं बारसं, रत्नागिरीच्या जुन्या घराची पडवी, सगळं. कॅमेरा गेली पंचवीस वर्षं कपाटात होता. मागच्या महिन्यात घर आवरताना हाती आला.

बाबा त्या लेन्सला कायम 'माझी झाइस' म्हणायचे, म्हणजे झाइस या जर्मन कंपनीची. पण लेन्सच्या कडेवर झाइस हे नावच नाही! तिथे फक्त 'आउस येना' असं लिहिलंय, पुढे एक मोठा 'टी' आणि २.८/५०. बस्स. मी ती दाखवायला एका दुकानात घेऊन गेले, तर त्यांनी एका मिनिटात निकाल दिला, "नाव नाही ना, म्हणजे डुप्लिकेट. शोपीस म्हणून ठेवा." बाबांना हे मी सांगितलेलं नाही. पन्नास वर्षं जपलेल्या वस्तूबद्दल असं कसं सांगू?

इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. 'आउस येना' ही वेगळी कंपनी होती का? आणि 'टी' म्हणजे काय? झाइसच्या काचेवरच्या लेपनाला 'टी' म्हणतात असं कुठेतरी वाचलं. तो हाच का?

भिंगरी | ९ जून, रात्री ११.१५

सागरसखी, आधी बाबांना सांगा की त्यांचं बरोबर आहे. ती शंभर टक्के झाइसच आहे, तीही मूळ गावची. 'आउस येना' म्हणजे 'येनाहून आलेली'. नाव नाही कारण ते लिहायला कोर्टाने आणि करारांनी बंदी केली होती. ही भाऊबंदकीची गोष्ट आहे आणि ती नीट सांगायची तर मुळापासून सांगावी लागेल.

कार्ल झाइस हा यंत्रकारागीर. १८४६ च्या नोव्हेंबरात त्याने जर्मनीतल्या येना गावात छोटी कार्यशाळा काढली आणि लवकरच सूक्ष्मदर्शक बनवायला लागला. त्या काळी चांगलं भिंग हे कारागिराच्या हाताचं आणि नशिबाचं काम होतं. काचा घासायच्या, लावून बघायच्या, जमलं नाही तर दुसरी जोडी. झाइसला हे खुपायचं. म्हणून १८६६ मध्ये त्याने येना विद्यापीठातल्या एर्न्स्ट आबे या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरलं. प्रतिमा कशी तयार होते याचं गणित आबेने मांडलं आणि काच घासण्याआधी कागदावर भिंग तयार व्हायला लागलं. पण गणिताला हवी तशी काच बाजारात मिळेना. मग तिसरा माणूस आला, ओटो शॉट. वेगवेगळी मूलद्रव्यं घालून त्याने नव्या जातीच्या काचा वितळवल्या आणि १८८४ मध्ये येनातच त्याची काचेची प्रयोगशाळा उभी राहिली. कारागीर, गणिती आणि काचवाला, असे तिघे एका गावात.

आता खरा मुद्दा. १८८८ मध्ये झाइस वारला. आबे भागीदार होता, गडगंज होऊ शकला असता. त्याने काय केलं, तर १८८९ मध्ये कार्ल झाइस न्यास स्थापन केला आणि पुढच्या दोन वर्षांत झाइसच्या मुलाचा हिस्सा विकत घेऊन, स्वतःचाही घालून, कंपनी न्यासाच्या नावे केली. कारखान्याला मालकच उरला नाही. १९०० पासून आठ तासांचा दिवस, पगारी रजा, निवृत्तिवेतन, नफ्यात वाटा. वरच्या साहेबाचा पगार सरासरी कामगाराच्या दहापटीपेक्षा जास्त नको, असंसुद्धा घटनेत लिहिलं. आबेचे वडील आयझेनाखच्या सूतगिरणीत चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभे राहून काम करायचे. लहान आबे त्यांना जेवणाचा डबा द्यायला जायचा. ते त्याने आयुष्यभर लक्षात ठेवलं. मला या सगळ्या इतिहासात सर्वात जवळचा वाटतो तो हा डबा.

उरलेलं उद्या लिहिते, पण ही न्यासाची गोष्ट लक्षात ठेवा. सगळी भांडणं तिथूनच निघाली.

अरण्यवाट | १० जून, सकाळी ७.०५

वा भिंगरी, पुढचा भाग येऊ दे लवकर.

तोवर 'टी'बद्दल मी सांगतो. सागरसखी, तुमच्या लेन्सवरचा टी हा लेपनाचा नाही, तो 'टेसार'चा टी आहे. पश्चिमेकडे विकताना येनावाल्यांना 'टेसार' हे नावसुद्धा वापरता येईना, म्हणून नुसतं आद्याक्षर. झाइसच्या 'सोनार' लेन्सचं 'एस', 'बायोटार' लेन्सचं 'बी'. लेपनाचा टी वेगळा. तो लाल रंगात असतो आणि चाळीस-पन्नासच्या दशकातल्या लेन्सांवर दिसतो. दोघांची गल्लत फार जणांची होते.

टेसार हे काय प्रकरण आहे ते थोडं सांगतो, कारण माझा स्वतःचा जीव या लेन्सवर आहे.

झाइसकडे पाउल रुडोल्फ नावाचा गणिती होता. १८९० मध्ये त्याने ॲनास्टिग्मॅट नावाची लेन्स काढली, तिलाच पुढे प्रोटार म्हणायला लागले. १८९६ मध्ये त्याने प्लानार काढली. सहा काचा, चार गटांत, जवळजवळ दोन्ही बाजूंनी सारखी रचना. कागदावर अप्रतिम. पण चार गट म्हणजे हवेला लागणारे आठ पृष्ठभाग. लेपन नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. आठ पृष्ठभागांत जवळपास एक तृतीयांश गेला. आणि नुसता जात नाही, आतल्या आत आपटत राहतो आणि चित्रावर धुकं पसरवतो. म्हणून इतकी चांगली रचना असूनही प्लानार कितीतरी वर्षं मागे पडून राहिली.

१९०२ मध्ये रुडोल्फ आणि एर्न्स्ट वांडरस्लेब यांनी टेसार काढली. पुढे एक बहिर्वक्र, मध्ये एक अंतर्वक्र आणि मागे दोन चिकटवलेल्या काचा. चार काचा, तीन गट, सहा पृष्ठभाग. ग्रीकमध्ये चारला 'तेसारेस', त्यावरून नाव. सुरुवातीला ती एफ/६.३ होती (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उजेड घेते, म्हणजे 'वेगवान'), सुधारत सुधारत एफ/२.८ पर्यंत आली, ती तुमच्याकडे आहे. झाइस जाहिरातीत तिला 'तुमच्या कॅमेऱ्याचा गरुडाचा डोळा' म्हणायची. एफ/२.८ वर कडा जरा मऊ येतात हे खरं, पण एफ/५.६ किंवा ८ वर ठेवा आणि बघा. पानाच्या शिरा मोजता येतील. पेटंटची मुदत संपल्यावर जगातल्या निम्म्या कारखान्यांनी हीच रचना उचलली असेल.

मग लुडविग बेर्टेले आला. त्याने गट तीनच ठेवले पण मागच्या दोन गटांत काचा चिकटवत गेला. तीच सोनार. १९३२ च्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याबरोबर एफ/२ आणि एफ/१.५ अशा दोन सोनार आल्या. एफ/१.५ मध्ये सात काचा, पण हवेला लागणारे पृष्ठभाग तेच सहा! लेपनाशिवाय इतकी वेगवान आणि तरीही स्वच्छ चित्र देणारी लेन्स त्या काळी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. आणि गंमत बघा, १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने परावर्तन कमी करणाऱ्या लेपनाचं पेटंट घेतलं. पृष्ठभाग मोजत बसायची गरजच संपत गेली. चाळीस वर्षं अडकलेली प्लानार मोकळी झाली. आज पन्नास मिलिमीटरच्या ज्या बहुतेक वेगवान लेन्स तुम्ही बघता त्या तिच्याच वंशातल्या.

सागरसखी | १० जून, सकाळी १०.२०

भिंगरी, अरण्यवाट, काय बोलू? सकाळपासून तीनदा वाचलं. टेसार! बाबांना विचारलं तर म्हणाले, "हो, टेसार टेसार म्हणायचा तो दुकानदार." मी त्यांना अजून सगळं सांगितलेलं नाही, पुढचा भाग आला की एकदमच वाचून दाखवेन.

भिंगरी | १० जून, रात्री १०.५०

पुढे.

१९२६ मध्ये इका, एर्नेमान, गोएर्झ आणि कॉन्टेसा-नेटेल या चार कॅमेरा कंपन्या एकत्र करून ड्रेस्डेनमध्ये 'झाइस इकॉन' उभी राहिली. म्हणजे लेन्स येनात, कॅमेरे ड्रेस्डेनात. दोन्ही गावं पुढे पूर्व जर्मनीत गेली, हे ध्यानात ठेवा.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य येनात शिरलं. पण आधी ठरल्याप्रमाणे हा भाग रशियाला द्यायचा होता. जूनच्या अखेरीस, ताबा सोडायच्या आधी, अमेरिकनांनी झाइस आणि शॉटमधले ८४ निवडक तज्ज्ञ कुटुंबांसकट गाड्यांत घातले आणि दक्षिणेला हायडेनहाइमला नेले. डोकी गेली, यंत्रं राहिली. मग १९४६ मध्ये रशियनांनी बहुतेक सगळी यंत्रं उखडून नेली आणि त्या ऑक्टोबरात उरलेल्यांतले कित्येक तज्ज्ञही सोव्हिएत संघात गेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हायडेनहाइमवाल्यांनी १९४६ मध्ये जवळच्या ओबरकोखेन या छोट्या गावात नवा कारखाना काढला, आधी 'ओप्टॉन' नावाने. इकडे येनात उरलेल्या कामगारांनी अक्षरशः रिकाम्या दालनांत पुन्हा काम सुरू केलं, आणि १९४८ मध्ये तो कारखाना सरकारजमा झाला. आता दोन झाइस. एकाकडे माणसं, एकाकडे गाव. दोघंही म्हणणार, खरे आम्हीच.

साधी कंपनी असती तर मालक कुठे गेला ते पाहिलं असतं. इथे मालक म्हणजे न्यास, आणि न्यासाच्या घटनेत त्याचं ठिकाण येना. येनावाले म्हणाले, न्यास इथेच आहे. पश्चिमवाले म्हणाले, तिथल्या सरकारने न्यासाचं सगळं काढून घेतलं, म्हणून न्यास आता हायडेनहाइमला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून देशोदेशी दावे लागले. अखेर १९७१ मध्ये लंडनला करार झाला आणि जगाची वाटणी झाली. पश्चिम जर्मनीसारख्या देशांत झाइस नाव ओबरकोखेनचं, तिथे येनाचा माल 'आउस येना' किंवा 'येनोप्टिक' म्हणून जाणार. पूर्वेकडे उलटं, तिथे ओबरकोखेनचा माल 'ओप्टॉन' नावाने.

बाबांची बोट कुठे लागली होती? हँबुर्गला. १९७४ साली. त्याच लेन्सच्या बहिणी दुसऱ्या देशात 'कार्ल झाइस येना' असं पूर्ण नाव मिरवत होत्या. काच तीच, कारागीर तेच, फक्त बंदर वेगळं.

निळाई | ११ जून, दुपारी १.३०

मी वकिली करते, कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही, पण ही केस आम्हाला अभ्यासाला होती! येनाच्या बाजूने लंडनमध्ये दावा लावला होता. समोरच्यांनी हरकत घेतली की ब्रिटन पूर्व जर्मनीला देश म्हणून मान्यताच देत नाही, मग तिथल्या गेरा जिल्ह्याच्या सरकारी मंडळाने नेमलेल्या वकिलाला उभं राहण्याचा अधिकार कसा? जे सरकार नाहीच त्याचं मंडळ कसं असेल? हा मुद्दा थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६६ मध्ये निकाल लागला की ब्रिटनच्या दृष्टीने त्या भागावर सत्ता सोव्हिएत संघाची आहे, पूर्व जर्मन सरकार हे त्याच्या हाताखालचं, म्हणून त्याने केलेल्या नेमणुका चालतील. मान्यता नसलेल्या सरकारांचा विषय निघाला की अजूनही या निकालाचं नाव निघतं. परीक्षेसाठी हे पाठ केलं होतं, पण वादातली वस्तू कुणाच्या तरी घरी आत्याच्या लग्नाचे फोटो काढत होती हे आज कळलं.

दगडफूल | ११ जून, संध्याकाळी ६.१०

सगळं छान चाललंय, पण मधली बारा वर्षं, १९३३ ते १९४५, कुणी लिहिली नाहीत. ती गाळू नयेत असं मला मनापासून वाटतं.

झाइस इकॉनचा पहिला प्रमुख इमॅन्युएल गोल्डबर्ग. मॉस्कोत जन्मलेला ज्यू, विलक्षण संशोधक. हातात मावणारा किनामो हा चलचित्र कॅमेरा त्याचा. सूक्ष्मचित्रांच्या रिळातून हवा तो कागद शोधून काढणारं यंत्र त्याने १९३१ च्या सुमारास केलं होतं, संगणकाच्या कितीतरी आधी. एप्रिल १९३३ मध्ये नाझी गुंडांनी त्याला ऑफिसातून उचलून नेलं. सुटल्यावर तो पॅरिसला गेला आणि १९३७ मध्ये पॅलेस्टाइनला. पुढच्या जर्मन इतिहासांतून त्याचं नाव बराच काळ जवळजवळ पुसलं गेलं. झाइस इकॉनच्या कॉन्टॅक्सचं कौतुक करताना त्याची आठवण काढलीच पाहिजे.

आणि युद्धात झाइस काय बनवत होती? पाणबुड्यांचे पेरिस्कोप, बाँबफेकीची दर्शकं, तोफांची दुर्बीण-यंत्रं. ते करायला सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबवले गेले. आबेने आठ तासांचा दिवस दिला त्याच कारखान्यात. माझ्याकडेही येनाची सोनार आहे, मी ती वापरतो, तिच्यावर प्रेम करतो. पण हे माहीत असून करतो.

भिंगरी | ११ जून, संध्याकाळी ७.००

दगडफूल, हे राहून गेलं होतं आणि राहायला नको होतं. मनापासून आभार.

पानगळ | ११ जून, रात्री ९.२५

रशियाकडे गेलेल्या यंत्रांचं पुढे काय झालं ते मी सांगतो, कारण त्यातला एक तुकडा माझ्या टेबलावर आहे.

कॉन्टॅक्स बनवायची सामग्री कीव्हच्या आर्सेनाल कारखान्यात गेली आणि १९४७ पासून तोच कॅमेरा 'कीव्ह' नावाने निघायला लागला, थेट ऐंशीच्या दशकापर्यंत. सोनार लेन्सा 'ज्युपिटर' झाल्या. येनाची ५८ मिलिमीटर एफ/२ बायोटार 'हेलिओस ४४' झाली आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर लाखोंनी खपली. माझी हेलिओस पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. मागे झाडाची पानं ठेवून उघड्या ॲपर्चरवर फोटो काढा, पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. आजकालची पोरं त्या भोवऱ्यासाठी ती शोधत फिरतात. रचनाकार मात्र येनाचा विली मेर्टे, ते कुणाला माहीत नसतं.

तिकडे जपानमध्येही तेच. निकॉनच्या पहिल्या कॅमेऱ्यांचं रूप आणि लेन्स बसवायचं माउंट कॉन्टॅक्सच्या वळणाचं, त्यांची पन्नास मिलिमीटरची निक्कोर लेन्स सोनारच्या वळणाची. एका घराची तीन-चार देशांत बिऱ्हाडं झाली.

स्टुटगार्टहून | १२ जून, पहाटे २.४५

इथे रात्र आहे, पण धागा सोडवेना.

ओबरकोखेन माझ्या घरापासून तासाभरावर. कोखर नदीकाठी, डोंगरांच्या कुशीत, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढं गाव. तिथूनच हॅसलब्लाड कॅमेऱ्यांसाठी प्लानार आणि बायोगॉन गेल्या. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर आर्मस्ट्राँगच्या छातीवर अडकवलेल्या हॅसलब्लाडला ६० मिलिमीटरची बायोगॉन होती. एफ/०.७ ची ती प्रसिद्ध ५० मिलिमीटर प्लानारसुद्धा इथलीच, १९६६ ची, फक्त दहा घडवल्या. आज तिथे सर्वात मोठं काम कॅमेऱ्याचं राहिलेलं नाही. सर्वात प्रगत चिप छापणाऱ्या डच यंत्रांतले आरसे तिथे घडतात, आणि तसे दुसरं कुणी घडवत नाही.

मागच्या वर्षी येनालाही जाऊन आलो. विद्यापीठाजवळ आबेचं स्मारक आहे, तिथे दगडावर त्याचं सूत्र कोरलंय. सूक्ष्मदर्शकाला किती बारीक दिसेल याची मर्यादा. माणसाच्या स्मारकावर समीकरण मी पहिल्यांदा पाहिलं. जवळच १९२६ पासून चालू असलेलं तारांगण आहे. तिथले प्रक्षेपकही झाइसचेच. आपल्या वरळीच्या नेहरू तारांगणात १९७७ मध्ये सुरुवातीला जो मोठा प्रक्षेपक होता तो झाइसचा. लहानपणी मान वर करून मी त्याच भिंगांतून तारे पाहिले होते, आणि ते कळायला मला येनाला जावं लागलं.

बर्लिनची भिंत पडल्यावर दोन्ही घरं एक झाली. १९९१ मध्ये येनाचा प्रकाशयंत्रांचा धंदा ओबरकोखेनकडे आला, बाकीचा 'येनोप्टिक' म्हणून वेगळा राहिला. येनात तेव्हा हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, तिथले वयस्क लोक अजून त्याबद्दल बोलतात तेव्हा आवाज बदलतो. न्यास मात्र आजही आहे. ठिकाण म्हणून दोन गावं लिहिलेली, हायडेनहाइम आणि येना. झाइस आणि शॉट दोन्ही कंपन्या अजून त्याच्याच मालकीच्या.

कवडसा | १२ जून, सकाळी ९.१५

छान धागा. माझ्या फोनच्या मागे झाइस लिहिलंय, ते खरं की नुसतं नाव?

अरण्यवाट | १२ जून, सकाळी ११.००

कवडसा, नाव आणि कारखाना एक असण्याचे दिवस केव्हाच गेले. पश्चिमेच्या झाइस इकॉनने १९७२ च्या सुमारास कॅमेरे बंद केले. मग याशिका या जपानी कंपनीबरोबर करार झाला आणि १९७५ मध्ये कॉन्टॅक्स आरटीएस आला. त्या लेन्सांतल्या बऱ्याचशा जपानमध्ये बनल्या, झाइसच्या रचनेने आणि तपासणीने. त्या वापरलेल्या कुणालाही विचारा, खोट्या म्हणणार नाही. २००५ मध्ये कॉन्टॅक्स बंद झाला. त्याच वर्षी नोकिया एन ९० आला, झाइसचं नाव असलेला. आता विवोवर असतं. फोनमधलं भिंग ओबरकोखेनला घासलेलं नसतं. झाइसचा वाटा रचनेत, लेपनात, चाचणीत. तो किती, हे प्रत्येक फोनगणिक वेगळं. मी फोन नावावरून घेणार नाही, पण नाव खोटं आहे असंही म्हणणार नाही.

सागरसखी, एक कामाचं. लेन्स उजेडासमोर धरून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का? कोकणातल्या हवेत बुरशी लागतेच. असेल तर स्वतः पुसू नका. माझ्या एका लेन्सचं लेपन एका दुरुस्तीवाल्याने घासून काढलं, ती हळहळ अजून आहे. साफ झाली की हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, चामड्याच्या केसमध्ये नको. आणि तुमच्या प्रॅक्टिकाला ४२ मिलिमीटरचे आटे असतील. वीस-पंचवीस वळसे नाहीत, दोन-चारच, हलक्या हाताने फिरवून काढा. पाच-सहाशे रुपयांच्या अडॅप्टरने ती आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसते.

सागरसखी | १४ जून, रात्री ८.३०

बुरशी आहे, पण कडेला, थोडीशी. मुंबईत नीट साफ करणारे कुणी असतील तर व्यक्तिगत निरोप करा.

काल बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. ८४ तज्ज्ञांपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाच म्हणाले. मग ते सांगायला लागले, जे मी आजवर ऐकलं नव्हतं. हँबुर्गचा तो दुकानदार म्हातारा होता. बाबांना जर्मन येत नव्हतं, त्याला इंग्रजी जेमतेम. बाबांनी महागाची लेन्स बघितली, खिशाकडे बघितलं आणि परत ठेवली. तेव्हा त्याने काउंटरखालून ही काढली. कडेवरच्या 'येना' या अक्षरांवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "त्साइस." बाबांना वाटलं, गिऱ्हाईक पटवतोय. तो पुन्हा म्हणाला, "त्साइस," आणि छातीवर हात ठेवला. बाबा म्हणतात, तो माणूस त्या गावचाच असावा.

शनिवारी कृष्णधवल रोल येतोय. पहिला फोटो बाबा काढणार आहेत, एफ/८ वर.